ठमाबाईसाठी पंख्याची गाडी

अंबाजीनं शब्द दिला आणि त्याच्या बायकोनं, सोनाबाईनं, कपाळाला हात लावला.

अंबाजीची शब्द द्यायची एक रीत होती. आधी मान मागे टाकायची, मग छाती पुढे काढायची आणि जे आपल्याला मुळीच येत नाही नेमकं तेच करून दाखवतो म्हणायचं. या खेपेला तो शेव्याला ठमाबाई धवलारणीच्या दारात उभा राहून म्हणाला होता, "आये, तुला पंख्याच्या गाडीतून नेतो. घामाचा एक थेंब आला तर माझं नाव बदल!"

ठमाबाईनं पानाचा विडा या गालातून त्या गालात सारला. "नाव बदलून काय करू? माणूस तोच ऱ्हानार. पन पंखा असंल तर येते."

आगऱ्यांच्या लग्नात धवलारणीशिवाय पान हलत नाही. हळद तिनं धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गायल्यावर लागते, माळ तिनं गायल्यावर पडते. त्यात ठमाबाई म्हणजे शेव्यापासून चिरनेरपर्यंत एकच. पण आता तिचे गुडघे धरले होते. दोघींनी दोन बाजूंनी धरल्याशिवाय तिला उठता येत नसे. वैशाखाच्या उन्हात बैलगाडीतून भाजत येणार नाही, असं तिनं साफ सांगून टाकलं होतं. आणि नवऱ्या मुलाची आई त्याहून साफ बोलली होती, "माझ्या लग्नाला ठमाबाई होती. लेकाच्याबी तीच पायजे. नसंल तर लगीन पुढच्या साली." म्हणजे अंबाजीच्या लेकीचं, कोकिळाचं, लग्न आता एका पंख्यावर येऊन बसलं होतं.

पंखा होता, हे खरं. अंबाजीची गाडी म्हणजे कुणा साहेबानं विलायतेहून बोटीनं आणलेली जुनी व्हॅन. स्वराज्य आलं तसा साहेब गेला, गाडी पनवेलच्या भंगारात राहिली आणि तिथून अंबाजीकडे आली. तेव्हापासून ती मिठागरावरचं मीठ वाहत होती. तिचा पत्रा जुन्या चाळणीसारखा झाला होता, पण पुढच्या बैठकीसमोर, पायांशी, एक काळा डबा अजून शाबूत होता. जाळीतून आत पाहिलं की पंख्याची पाती दिसायची. मीठ आणि गंज खाऊन ती अशी बसली होती, जशी लग्नात रुसलेली आत्या.

"साहेबाला उकडायचं ना," अंबाजीनं मेव्हण्याला, मोरूला, समजावून सांगितलं. "गोरा मानूस. म्हनून पायाशी पंखा."

"पायाशी कशाला? घाम तर डोक्याला येतो भावजी."

"साहेब बूट घालतो! बुटात किती उकडत असंल, घालून बघ एकदा."

मोरूनं आयुष्यात बूट घातले नव्हते, त्यामुळे त्याला ते पटलं.

लग्नाच्या आदल्या दिवशी दोघांनी डबा उघडला. आत मिठाचा थर, झुरळाची अंडी आणि साहेबाच्या काळातलं एक बटण निघालं. पंखा घासलेटात बुडवला, खोबरेल पाजलं. एक पातं मोडलेलं होतं, ते बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून बसवलं. चालू-बंद करायचा खटका मात्र हातात येताच भुगा झाला. अंबाजी जरासुद्धा डगमगला नाही. त्यानं पंख्याची तार सरळ गाडीच्या चावीला जोडून टाकली. चावी फिरवली की पंखा सुरू! वाटेत तार निसटू नये म्हणून वर सुतळी गुंडाळली आणि सुतळीवर होडीला लावतात ते डांबर थापलं.

डब्यात शिरणाऱ्या दोन रबरी नळ्या मोरूनं पाहिल्या. "भावजी, ह्या इंजिनाकडनं कशाला आल्यात?"

"त्यातनं थंड पानी येतं. सायबाचं डोकं हाय ते, तुझं न्हाय!"

अंबाजीनं चावी फिरवली. इंजिन सुरू करायचा प्रश्नच नव्हता, कारण गाडी ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. पंखा खोकला, गुरगुरला आणि भर्रकन फिरू लागला. सोनाबाईनं पुढे होऊन जाळीसमोर हात धरला.

"अगं बाय! गार लागतो की!"

नवऱ्याचं एखादं काम पहिल्याच खेपेला जमलेलं ती प्रथमच पाहत होती. तिला जरा भीतीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठमाबाईला दोघा-तिघांनी उचलून पुढच्या बैठकीवर बसवलं. नेहमीचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं, मांडीवर पानाची पिशवी, हातात काठी. मोरूनं गाडी ढकलली आणि उडी मारून मागे चढला. पंखा फिरला. वारा थेट ठमाबाईच्या पायांवर आला.

"वा रं अंबाज्या!" तिनं डोळे मिटले. "पोरी सुखी होशील असं तुझ्या कोकिळाला मी दोनदा म्हनन!"

अंबाजी फुलून गेला. ही मजा मिठागर संपेपर्यंत टिकली.

मग ठमाबाईनं एक डोळा उघडला. "अंबाज्या, वारा कोमट झाला."

"आतली गरम हवा आधी भाईर टाकतो आये. मग गार सोडतो."

थोडं पुढे गेल्यावर तिनं दुसरा डोळा उघडला. "ह्याच्या पोटात गरम हवा किती हाय? माझ्या नडग्या भाजाया लागल्या!"

"भावजी, जोरात चालवा," मोरू मागून म्हणाला. "म्हंजे वारा लागंल."

अंबाजीनं जोर केला. इंजिन तापलं, डबा त्याहून तापला. भट्टीचं दार उघडावं तसा झोत येऊ लागला. ठमाबाईचा विडा तोंडातल्या तोंडात सुकला. अंबाजीचा खास लग्नासाठी इस्त्री केलेला सदरा त्याच्या अंगाला धुतल्यासारखा चिकटला.

"बंद कर तो!" ठमाबाई ओरडली.

"बंद केला तर गाडीबी बंद पडंल!"

"तार उपट!"

मोरूनं पुढे वाकून तारेला हात घातला आणि बोंब मारली. डांबर पातळ होऊन त्याची बोटं सुतळीसकट काळी झाली होती, आणि तार होती तिथंच होती.

गाडी थांबवावी तर चढावर पुन्हा ढकलणार कोण? एकटा मोरू, तोही चिकटलेल्या बोटांचा. मुहूर्त टळला की लग्न पुढच्या साली. अंबाजीनं दात आवळले आणि ठमाबाईच्या शिव्या ऐकत गाडी हाणली. तिला धवले जितके पाठ होते त्याहून शिव्या जास्त पाठ होत्या, आणि त्याही ती सुरात देत होती.

मांडवासमोर गाडी थांबली. अंबाजीनं आधी खाली उडी मारली आणि तो चुलीमागे पळाला. ठमाबाई काठी उगारून त्याच्यामागे धावली.

"पंख्याची गाडी व्हय रं? माझं सुकट केलंस सुकट!"

चुलीला एक फेरी झाली. मांडवाला दुसरी झाली. वऱ्हाड तोंड उघडं टाकून बघत राहिलं. तेवढ्यात सोनाबाई किंचाळली, "आये! तू धावतेस!"

ठमाबाई जागच्या जागी थांबली. तिनं खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. एक वाकवला. दुसरा वाकवला. सबंध वाट शेकून निघालेले गुडघे मऊ झाले होते.

अंबाजीनं चुलीमागून मुंडकं वर काढलं. मान मागे टाकली, छाती पुढे काढली.

"शेकायचाच पंखा हाय तो आये! तुझ्या गुडघ्यांसाठी मुद्दाम लावला. आधी सांगितलं असतं तर तू बसली नसतीस!"

ठमाबाईनं गुडघा आणखी एकदा वाकवून पाहिला. मग काठी मोरूच्या काळ्या हातात दिली आणि मांडवात जाऊन उभी राहिली. सूर लावला तो असा की नवऱ्या मुलाच्या आईनं पदर डोळ्याला लावला. कोकिळाच्या गळ्यात माळ पडली. "पोरी सुखी होशील" असं ठमाबाईनं दोनदा म्हटलं.

उन्हं उतरली, खाडीवरून वारा सुटला, जेवणं झाली. ठमाबाई आपल्या पायानं चालत गाडीपर्यंत आली आणि पुढे बसली. लुगडं सावरून गुडघे जाळीसमोर धरले.

"लाव तुझा शेक."

"आता बघ आये," अंबाजी वऱ्हाडाला ऐकू जाईल असं म्हणाला, "कसा ऊन ऊन येतो!"

मोरूनं ढकललं. गाडी सुरू झाली, पंखा फिरला आणि थंडगार वारा भर्रकन गुडघ्यांवर आला.

ठमाबाईनं काठी उचलली. "गार म्हनालास तवा तापला. ऊन म्हनतोस तर गारठला. ह्या पंख्याचं काय बी बिघडल्यालं न्हाय अंबाज्या. तू त्याच्याबद्दल बोलू नको, म्हंजे तो नीट चालंल!"

अंबाजीनं गाडी पुढे काढली. मिठागराच्या बांधावर गाडी चढली तसा इंजिनाचा ताप डब्यात उतरला. वारा कोमट झाला, मग ऊन झाला. ठमाबाईनं समाधानानं डोळे मिटले.

तेव्हा त्या दोन नळ्यांतून थंड नव्हे, इंजिनाचं तापलेलं पाणी येतं हे अंबाजीच्या ध्यानात आलं. जन्मात पहिल्यांदा त्याला एखादी गोष्ट खरोखर कळली होती. त्यानं मान मागे टाकली, छाती पुढे काढली, तोंड उघडलं.

"आये, त्याचं कसं हाय..."

ठमाबाईनं डोळे न उघडताच काठी उचलली.

अंबाजीनं तोंड मिटलं ते शेवं येईपर्यंत.