जॅझच्या साथीनं सुपरवायझर

"सुपरवायझरची परीक्षा मी डाव्या हातान देतलंय," हरिश्चंद्र परबांनी कारखान्यात चहाच्या वेळी जाहीर केलं. "उजवो हात सह्या करूक मोकळो ठेवतलंय."

कारखाना कोकमाच्या आगळाचा, म्हणजे खारवलेल्या अर्काचा, आणि आंब्याच्या रसाचा, मालवणपासून दोन गावं आत. हरीभाऊ तिथे बावीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. जुने सुपरवायझर निवृत्त झाले तेव्हा त्यांची काचेची केबिन, पंखा आणि फिरती खुर्ची आपल्याकडेच येणार, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. पण मालकांनी परीक्षेचं खूळ काढलं. दहावी आणि दहा वर्षं नोकरी, किंवा डिप्लोमा, एवढं ज्याच्याजवळ असेल त्याने बसावं.

डिप्लोमा होता मितेशकडे. वय सव्वीस, नोकरी दोन वर्षं, आणि हरीभाऊंना तो सगळ्यांदेखत 'अंकल' म्हणायचा. उद्या हा पोरगा काचेआड बसणार आणि आपण दारातून 'साहेब, येऊ का?' विचारणार, या कल्पनेनेच हरीभाऊंना जेवण जाईना.

अभ्यासाचं पुस्तक शहाण्णव पानांचं, 'अन्नसुरक्षा व स्वच्छता'. चौथ्या पानावर हात धुण्याच्या सात पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवर हरीभाऊंना डुलकी लागायची. आठ दिवस झाले तरी त्यांचे हात काही धुऊन होईनात.

शेवटी त्यांनी पुण्याला लेकीला फोन केला. नम्रता तिथे कॉम्प्युटरवर काम करायची.

"बाबा, मी जॅझ लावून काम करतंय," ती म्हणाली. "मन हयथंय जाणा नाय."

"जॅझ म्हणजे?"

"पियानो, ड्रम, सॅक्सोफोन. गाणा नाय, नुसता वाजप. पण आयकत बसू नको हां. ता पाठसून वाजत ऱ्हवता, आपण आपला काम करूचा."

तिने फोनवर तीन तासांचं जॅझ पाठवलं, आणि कुरिअरने पेरूएवढा एक स्पीकर. हरीभाऊंच्या बायकोने, जानकीवहिनींनी, तो उलटापालटा करून बघितला.

"आयकूचा नाय तर लावतात कित्याक?" त्यांनी विचारलं. हरीभाऊ उगाचच रागावले.

पण गुण आला म्हणायचा! पहिल्याच संध्याकाळी हात धुऊन झाले आणि हरीभाऊ थेट अकराव्या पानावर, झाकणं उकळण्यापर्यंत पोचले. डोळा म्हणून लागला नाही. जेवताना त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचा महादू मेस्त्री आला. महादू त्याच कारखान्यात क्रेट उचलायचा, पण ते पोटासाठी. त्याचा खरा जीव पखवाजात. दिवाळी झाली की तो दशावताराच्या कंपनीत रात्र रात्र वाजवायचा. पावसाळ्यात नाटकं बंद, त्यामुळे त्याचे हात नुसते शिवशिवत असायचे. छत्री दारात ठेवून, पाय पुसून, तो स्पीकरसमोर मांडी घालून बसला.

"हरीभाऊ, ही सनई कसली ओ? मोठो माणूस रडल्यासारखी वाजता."

"सनई नाय, सॅक्सोफोन. आणि तो आयकूचो नसता."

महादू गंभीर झाला. "तो माणूस छाती फोडून फुकता हा, आणि तुमी तेका पाठ करून बसल्यात? आमच्या नाटकात कोणी असा बसलो तर आमी पखवाज खाली ठेवतंव."

हरीभाऊ स्वभावाने भिडस्त. त्यांनी खुर्ची फिरवून सॅक्सोफोनकडे तोंड केलं आणि बारावं पान मोठ्याने वाचायला घेतलं, म्हणजे दोघांचाही मान राहील.

तिथून बिघडत गेलं. महादूला त्या ड्रमवाल्याची सम सापडेना. तिसऱ्या दिवशी तो पखवाजच घेऊन आला. वहिनींकडून मूठभर कणीक मागून घेतली, मळून पखवाजाच्या डाव्या अंगाला थापली आणि बसला साथीला. आता पखवाजावरून ऐकू जायचं तर हरीभाऊंना आणखी मोठ्याने वाचणं आलं. आगळात मीठ किती टक्के घालावं, हे अख्ख्या वाडीला पाठ झालं. शेजारच्या यशोदाकाकी कुंपणावरून विचारून गेल्या, "पोथी कधी संपतली? प्रसादाक येतंय."

खरी गंमत वेगळीच होती. तोंड पुस्तक वाचत होतं, पण हरीभाऊंचे कान हळूहळू पलीकडे जाऊन बसले. सॅक्सोफोनवाला एकदा गेला की कुठे कुठे भटकून येतो, मध्ये पियानोवाला त्याला कसा हाक मारतो, हे त्यांना कळायला लागलं. तो जागेवर परतला की हरीभाऊ नकळत मांडीवर थाप मारत. आणि महादू? त्याचं सगळं लक्ष हातात. कानाशी हरीभाऊंचा आवाज आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

परीक्षेला आठ दिवस असताना संध्याकाळी लाइट गेली. स्पीकरही चार्ज केलेला नव्हता. हरीभाऊंनी कंदिलाशी बसून स्वतःलाच विचारलं, आंब्याचा रस किती अंशांवर तापवावा? काही आठवेना. वाजप बंद आणि डोकंही बंद. परीक्षेच्या हॉलमध्ये जॅझ कोण लावणार?

"मी येतंय," महादू म्हणाला. "माझी धा वर्षां नोकरी झाली हा. धावीव झाली, तिसऱ्या खेपेक, पण झाली. फॉर्म भरतंय आणि तुमच्या पाठल्या बाकार बसतंय. बोटांनी हळू ठेको धरीन. कोणाक कळूचा नाय."

हरीभाऊंनी त्याला कडकडून मिठी मारली. दोघांचे फॉर्म एकत्र गेले, लागोपाठचे नंबर आले. मितेशने यादी वाचून विचारलं, "अंकल, महादूपण?" हरीभाऊ नुसते हसले.

परीक्षा सावंतवाडीला होती. शंभर प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय, दोन तास. महादूने मागच्या बाकाच्या कडेवर बोटं टेकली आणि हरीभाऊंचं डोकं खरोखर चालू झालं. पहिले नऊ प्रश्न धडाधड सुटले. पण महादू शेवटी कलाकार माणूस. दहाव्या प्रश्नाला रंगात येऊन त्याने एकच तुकडा तीनदा वाजवत तिहाई घेतली. ती बरोब्बर समेवर आली, आणि हरीभाऊंनी बाकावर थाप मारून खणखणीत "वा!" म्हटलं.

अख्खा हॉल वळला. देखरेखीच्या बाई आल्या. "आजोबा, ही परीक्षा आहे," त्या हरीभाऊंना म्हणाल्या. मग महादूला उठवून थेट पहिल्या बाकावर नेलं आणि हात स्वच्छ दिसतील असे समोर ठेवायला लावले.

पुढचे पावणेदोन तास हॉल चिडीचूप होता. हरीभाऊंना सॅक्सोफोनची एकूण एक वळणं आठवत होती. रसाचं तापमान आठवत नव्हतं. महादूला वाजवायची सोय नाही, उठून जायची परवानगी नाही, म्हणून त्याने वेळ घालवायला प्रश्न वाचायला घेतले. आणि चमत्कार असा की प्रत्येक प्रश्नाला हरीभाऊंचा आवाज त्याच्या कानात उत्तर सांगू लागला.

निकाल आठवड्याने लागला. महादू मेस्त्री एक्क्याऐंशी, मितेश एकोणऐंशी, हरिश्चंद्र परब चौतीस.

हरीभाऊंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. ते घरी येऊन पडवीत भिंतीकडे तोंड करून बसले. थोड्या वेळाने महादू आला. त्याचा चेहरा हरीभाऊंपेक्षा उतरलेला.

"हरीभाऊ, माका ती खुर्ची नको. हंगामात रातभर वाजवन सकाळी धा वाजता केबिनीत कसो बसतलंय? परीक्षेत जो पैलो येयत तो धा वाजता खुर्चेर दिसाकच व्हयो, असा मालकांनी सांगल्यानी."

हरीभाऊ ताठ बसले. "शाबास. अरे, तू कलाकार. खुर्चेर बसान तुझे हात गंजतले. सरळ नको म्हणून सांग. कलेपरास मोठा काय आसा?" या विषयावर ते वीस मिनिटं बोलले, आणि इतकं सुंदर बोलले की महादूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"उद्याच सांगतंय," तो म्हणाला.

जानकीवहिनी चहा घेऊन आल्या. "महादून सोडल्यान तर खुर्ची कोणाक?"

हरीभाऊंनी मनातल्या मनात यादी परत वाचली. एक्क्याऐंशीच्या खाली एकोणऐंशी होते.

"महादू," ते म्हणाले, "मगाशी मी काय बोललंय ता इसार. खुर्ची तूच घी. कला काय, पोट भरलेला आसला की चांगली होता."

"पण सकाळी धा वाजता?"

हरीभाऊंनी चहाचा घोट घेतला. आवाज शक्य तितका साधा ठेवून ते म्हणाले, "नाटकाच्या दुसऱ्या दिवशी तू स्टोअरात पोत्यांवर नीज. जेवणाच्या सुट्टीपर्यंत केबिनीत मी बसान."

मालकांना खुर्ची भरलेली दिसल्याशी कारण, त्यांनी हरकत घेतली नाही. तेव्हापासून ज्या रात्री नाटक, त्याच्या दुसऱ्या सकाळी हरीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून काचेआड बसतात, पंखा लावतात, आणि मितेश दारातून आत येऊ का विचारतो.

यंदा दशावतार कंपनीला एकूण त्रेचाळीस नाटकं मिळाली. त्यातली सतरा हरिश्चंद्र परबांनी, गावोगावच्या देवळांत स्वतः खेटे घालून, मिळवून दिली आहेत.