एक्केचाळीस गुडघे

गुडघा हा मुळात सार्वजनिक अवयव आहे. धडधाकट असेपर्यंत तो ज्याचा त्याचा असतो. दुखू लागला की त्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा हक्क सुरू होतो.

हे ओळखून १९९५च्या डिसेंबरात, पारा अठरावर घसरताच (एवढ्या थंडीत आम्ही कोपरखैरण्याचे लोक माकडटोपी घालतो), आमच्या सोसायटीने संधिवात निवारण उपसमिती नेमली. सभासद सात, सगळे पुरुष. घरोघर मोजणी झाली. दुखरे गुडघे भरले एक्केचाळीस. (सेक्रेटरी उदयसिंहांचा एकच दुखतो. दुसऱ्याबाबत ते आशावादी आहेत.)

यातले दोन तिसऱ्या मजल्यावरच्या राजाबाईंचे. त्या साताऱ्याकडच्या, यजमान हौसेराव मार्केटात जन्मभर पोती उचलून आता घरी बसलेले. बाईंची मागणी फारच किरकोळ होती.

"मला काय बी नगं. गच्चीची किल्ली तेवढी द्या. सकाळचं तासभर उन्हात बसते, पाय मोकळं हुत्यात."

गच्चीवर केबलची डिश असल्याने तिला कायम कुलूप. शिवाय ऊन फुकट मिळतं, आणि फुकटच्या औषधावर समितीचा विश्वास नाही. पाच बैठकांअंती (प्रत्येक बैठकीस वडापाव) ठरलं, की डिंक-मेथीचे लाडू हाच खरा उपाय. असे लाडू राजाबाईंसारखे सोसायटीत कुणालाच जमत नाहीत. त्यांचा हा बहुमान एकमताने मंजूर झाला.

"काकी, टेन्शन नाय घ्यायचं. लाडू झाले की किल्ली तुमचीच," उदयसिंह म्हणाले.

राजाबाई सहा दिवस जमिनीवर बसून लाडू वळत होत्या. (ओट्याशी उभं राहून वळलेल्यांना चव येत नाही, असं समितीचं मत पडलं.) गुडघ्यामागे दहा, एकूण चारशे दहा. त्यांच्या वाट्याचे वीस आढावा बैठकीत संपले.

गुण उत्तम आला. एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस गुडघ्यांना आराम. शब्द दिल्याप्रमाणे सातव्या दिवशी राजाबाईंच्या हाती किल्लीही देण्यात आली. गच्ची अवघ्या अठरा पायऱ्या वर. बाई दुसऱ्या पायरीवरच खाली बसल्या आणि हौसेरावांनी त्यांना धरून घरात नेलं. किल्ली संध्याकाळी परत आली. अहवालात नोंद आहे: 'अर्जदाराने सुविधेचा लाभ घेतला नाही.'

मला फार वाईट वाटलं. तरी सभासद या नात्याने मी सही केली. (सहीवर तुपाचा डाग आहे.)

तुम्हाला समितीचा राग येणं स्वाभाविक आहे. फक्त रागावण्यापूर्वी घरातला लाडवांचा डबा उघडा, एक तोंडात टाका, आणि तो वळणारीचे गुडघे सध्या कसे आहेत ते सांगा. ठाऊक नसेल, तर समितीत आठवी जागा तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.