घुबडाचा डोळा

चूक एवढीच झाली, की नाणं मी टेबलावर ठेवलं. (मी नेहमी छोट्याच चुका करतो. मोठ्या त्यांच्या त्या होतात.)

नाणं माझं नव्हतं, ऑस्बर्न प्राइकचं होतं. तेराशे वर्षांपूर्वीचं, जुन्या इंग्लंडातल्या सॅक्सन लोकांचं नाणं, चांदीचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्याला काठाशी भोक होतं. कुणा सॅक्सन बाईने दोऱ्यात ओवून ते गळ्यात घातलं असावं. ऑस्बर्नला ते परसात बटाटे खणताना सापडलं. त्यावर साळिंदर आहे असं माझं मत, आणि राजाचा चेहरा आहे असं त्याचं. या एका वादावर आमची मैत्री अकरा वर्षं टिकून आहे. ते नाणं त्याने सख्ख्या भावालाही कधी हाताळू दिलं नव्हतं. पण आमच्या नाणेसंग्राहक मंडळात माझं पहिलंवहिलं व्याख्यान ठरलं, तेव्हा त्याने ते आपणहून माझ्या हातात ठेवलं. "जप रे बाबा," एवढंच म्हणाला. मला अगदी भरून आलं.

शनिवारी दुपारी, व्याख्यानाला दोन तास उरले असताना पाहतो तर टेबलावर डबी होती आणि डबीत काही नव्हतं.

"म्युरिएल, इथलं नाणं कुठाय?"

"ते भोकाचं होय? मला बटण वाटलं," बायको पावाला लोणी लावत म्हणाली. "माझ्या घुबडाला एक डोळा कमी पडत होता. एका डोळ्याला जुन्या कोटाचं बटण लावलं, दुसरं तसलं मिळेना. मग तुझ्या डबीतलं घेतलं."

घुबड लोकरीचं होतं. आमच्या सफक परगण्यातल्या बायका टपालपेटीच्या डोक्यावर लोकरीचं काही ना काही विणून बसवतात. पेटीला थंडी वाजते असं नाही, पण शेजारच्या गावाने बसवलं की आपणही बसवायचं. यंदा आमच्या चौकातल्या पेटीवर म्युरिएलचं घुबड होतं, आणि त्याच दिवशी पाच गावांची स्पर्धा होती.

मी धावत सुटलो. घाईत चष्मा घरीच राहिला. (नखं कापायची कात्री मात्र आठवणीने घेतली.) घुबडाची मान धरून कात्री लावतो न लावतो तोच मागून कुणीतरी माझंच मनगट धरलं. विणकाम मंडळाच्या अध्यक्ष थर्केटलबाई. गेल्या वर्षी पेटीवरचा हंस चोरीला गेल्यापासून त्या समोरच्या खिडकीत पहारा देतात. मी सगळी हकीकत सांगितली. सॅक्सन राजांची शपथ घातली.

"चार वाजता परीक्षक येणार आहेत," बाई म्हणाल्या. "तोवर एक टाका सुटणार नाही. डोळा राजाचा असो, नाहीतर साळिंदराचा."

एवढ्यात बस आली आणि तिच्यातून ऑस्बर्न उतरला. (आमची बस एरवी कधी वेळेवर येत नाही.)

लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगून टाकलं. तो पेटीपाशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. नाणं संध्याकाळी परत मिळेल, पण माणूस गेला तो गेलाच, असं वाटून मला रडू यायच्या बेतात होतं. मग त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता.

"अरे क्लेमंट, हे हजारावर वर्षं मातीत पडलं होतं, मग वीस वर्षं माझ्या खणात. आज कुठे त्याला बाहेरची हवा लागतेय. तुझं भाषण इथेच होऊ दे."

एरवी मंडळात सहा माणसं येतात, त्यातली दोन बिस्किटांसाठी. त्या दिवशी स्पर्धा बघायला जमलेली चाळीस माणसं होती. थर्केटलबाईंनी स्वतःचं स्टूल आणून दिलं. मी त्यावर चढलो, छत्रीचं टोक डोळ्यावर टेकवलं आणि अर्धा तास असा बोललो, की मलाच माझा हेवा वाटला. हे काटे, हे नाक, ही तेराशे वर्षांची झीज. लोक माना उंचावून बघत होते. एक शाळामास्तर म्हणाले, काटे तर अगदी मोजता येतात. ऑस्बर्नसुद्धा मान डोलावत होता. अकरा वर्षांनी! टाळ्या पडल्या. परीक्षकांनी घुबडाला पहिला नंबर दिला. थर्केटलबाईंनी कात्रीवाल्या त्याच हाताशी हस्तांदोलन केलं. मी जिंकलो होतो.

मग म्युरिएलने टाके उसवले आणि घुबडाचा उजवा डोळा काढून ऑस्बर्नच्या हातात दिला.

"अगं, डावा," मी म्हणालो. "मी डाव्यावर बोललो."

"डावा माझ्या कोटाचा," म्युरिएल म्हणाली.

मी ऑस्बर्नकडे पाहिलं. तो रुमालात नाणं गुंडाळत होता.

"तुला माहीत होतं? मग अर्धा तास गप्प का बसलास?"

"अकरा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तुझं ऐकत होतं रे," ऑस्बर्न म्हणाला. "आणि खरं सांगू? नाण्याचं मला अजून पटत नाही. पण त्या बटणावर साळिंदर आहे, हे मात्र मनापासून पटलं."