पासवर्डमध्ये राव लावा!

आमच्या दिंडोरीत चोर आला तर द्राक्षं नेईल, ट्रॅक्टर नेईल, पण माझ्या कॉम्प्युटरातलं एक अक्षर नेऊ शकणार नाही! तशी व्यवस्थाच केली होती मी.

पेपरात हॅकरांबद्दल वाचलं आणि बायकोला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "अगं, असा पासवर्ड टाक, की जीव गेला तरी तुझ्या तोंडून निघणार नाही. मलाही सांगू नकोस. उद्या मीच फितूर झालो तर?"

मी भिंतीकडे तोंड केलं. तिनं तांदूळ निवडावेत तसं एकेक बटण निवडलं.

आठवड्यानं नात वेदिका धापा टाकत आली. तिचा लॅपटॉप बंद पडलेला आणि नोकरीची ऑनलाइन मुलाखत अर्ध्या तासावर!

"आबा, पासवर्ड?"

"आजीला विचार."

आजी चक्क लाजली! तोंडाला पदर लावून म्हणाली, "मी नाय बाई सांगणार."

"अगं, पोरीची नोकरी जाईल! निदान टाइप तरी कर!"

"चष्मा दुरुस्तीला गेलाय. बटणं दिसत्यात व्हय मला?"

एवढं लाजण्यासारखं काय टाकलं हिनं? कुणाचं नाव? मी ओरडलो, "कोण आहे तो?"

"लय भांडखोर माणूस हाय," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "पण मनानं बरा."

मी मटकन खाली बसलो. खिडकीतून शेजारच्या सुलाबाई "अगं बाई!" म्हणून किंचाळल्या, तशी अख्खी गल्ली दारात!

वेदिकानं कपाळावर हात मारला. "आजी, उखाणा घे!"

"आत्ता गं? बरं...

द्राक्षांच्या मांडवाला तारांचा आधार,
पुंजारामरावांचं नाव घेते, उघड कॉम्प्युटरचं दार!"

पुंजाराम म्हणजे मीच की हो!

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. वेदिकानं 'पुंजाराम' टाइप केलं. चूक!

"राव लाव की मेले!" आजी कडाडली. "नवऱ्याचं नाव एकेरी टाकीन व्हय मी?"

राव लागलं, कॉम्प्युटर उघडला, पोरीला नोकरीही लागली. पण माझा पासवर्ड आता गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ! जाता-येता ओरडतात, "रामराम, पासवर्डआबा!"

म्हणून नवा टाकला. लग्नात मी ताटातल्या तांदळांत अंगठीनं लिहिलेलं बायकोचं सासरचं नाव! आहे कुणाची छाती? जग तिला माहेरच्या 'चांगुणा' नावानंच ओळखतं, आणि मी नुसतं 'अगं' म्हणतो.

टाकताना आठवत होतं हो!

आता कॉम्प्युटर परत बंद. तिलाच विचारलं, तर आधी लालबुंद झाली, मग माझ्यापुढे पाट मांडला. "घ्या उखाणा!"

उखाणा छान जुळवलाय. नावाची जागा तेवढी रिकामी आहे.