झेंडा पडला हे सांगायचं कुणी?

बुद्धिबळाचं घड्याळ डिजिटलच घ्यायचं, हे मी मनातल्या मनात पक्कं ठरवलं होतं. (माझे बहुतेक निर्णय तिथंच होतात आणि तिथंच राहतात.)

शाळेत मी 'ती न बोलणारी' म्हणून ओळखली जाते. हजेरीला मी 'हजर' म्हणते, ते सरांपर्यंत पोहोचत नाही आणि माझी गैरहजेरी लागते. एकदा शेजारणीला माझ्या वतीनं 'हजर' म्हणायला लावलं, तर शिक्षा दोघींना झाली. बुद्धिबळात बोलावं लागत नाही, म्हणून तर मी हा खेळ निवडला.

पण जिल्ह्याच्या स्पर्धेत घड्याळ लावून खेळतात. त्याला दोन तबकड्या असतात, एक आपली, एक समोरच्याची. खेळी केली की बटण दाबायचं; आपली वेळ थांबते, समोरच्याची सुरू होते. वेळ संपली की तबकडीवरचा इवलासा लाल झेंडा पडतो आणि तो खेळाडू हरतो. अट एकच. समोरच्याचा झेंडा पडला, तर 'टाइम' असं मोठ्यानं आपणच म्हणायचं. पंच स्वतःहून बोलत नाहीत.

डिजिटल घड्याळ मात्र वेळ संपली की स्वतःच पीं करून ओरडतं. माझ्याऐवजी ओरडणारं कुणीतरी मला हवंच होतं. त्यात खेळाचे सर म्हणाले, "घड्याळं कमी आहेत. जमेल त्यानं आपलं आणा."

म्हणून माझे वडील आप्पा आणि मी आमच्या पाली गावाहून बीडला गेलो. दुकानदारानं चावीचं आणि डिजिटल, दोन्ही घड्याळं पुढं ठेवली. आमचे आप्पा शेळ्यांचे जाणकार. दात बघितल्याशिवाय ते शेळी घेत नाहीत. त्यांनी डिजिटल घड्याळ उलटंपालटं केलं.

"ह्याचं तोंड कुठंय?"

"तोंड नाही मामा, सेल घालायचे."

"अन् सेल उतरले तर?"

"नवे घालायचे."

"म्हंजी जल्माचं आजारीच की!" मग त्यांनी चावीचं घड्याळ कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "हे बग, नाडी लागती. जित्तं हाय! ऋतुजा, हेच घिऊ ना? कावून गप हाईस?"

दुकानदार माझ्याकडं बघू लागला. शेजारचं गिऱ्हाईकही. 'डिजिटल' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. मी तोंड उघडलं आणि मान हलवली. (माझी मान माझ्यापेक्षा धीट आहे, पण तिला फक्त 'हो' येतं.)

घरी आईबरोबर सराव सुरू झाला. तिचे हात भाकरीच्या पिठात, म्हणून ती तोंडानंच खेळायची. "माझा घोडा हिकडं घे. अन् दाब तुझी ती मशीन." 'टाइम' म्हणण्याचा सराव मी शेळ्यांपुढं केला. एकीनंही पाला सोडून वर पाहिलं नाही.

तरी स्पर्धेत मी शेवटच्या फेरीपर्यंत टिकले. समोर बीडची संस्कृती नावाची मुलगी. जिंकले तर मी विभागीय स्पर्धेला जाणार होते. तिचे गुण जास्त, म्हणून बरोबरी झाली तर ती. पटाशेजारी आमचं घड्याळ टिकटिकत होतं. संस्कृती कपाळाला हात लावून विचारात बुडाली होती, आणि तिचा झेंडा पडला.

तिला ते दिसलं नाही. मला दिसलं. मी जिंकले होते! फक्त सांगायचं बाकी होतं.

पंच खिडकीत चहा पीत होते. चहा पिणाऱ्या माणसाला मधेच कसं बोलवायचं? कप संपू दे, म्हटलं. तेवढ्यात संस्कृतीनं खेळी करून बटण दाबलं. आता माझी उरलीसुरली वेळ पळू लागली. कप संपला, तर पंच रुमालानं मिशा पुसू लागले. (मिशा भरघोस होत्या.) शेवटी मी डोळे मिटले, श्वास भरला, सोडला, पुन्हा भरला आणि ओरडले, "टाऽऽइम!"

जन्मभराचा साठा एकदम बाहेर पडला. अख्ख्या हॉलला वाटलं, फेरीच संपली. कुणी घड्याळं थांबवली, कुणी हात मिळवले. हरायला आलेल्या एका मुलानं तर घाईघाईनं सोंगट्या डब्यात भरल्या.

पंच रुमालासकट धावत आले. मी संस्कृतीच्या झेंड्याकडं बोट दाखवलं. ते वाकले.

"आणि हा गं?"

माझाही पडला होता. मी श्वास भरत होते तेव्हा.

"आधी कुणाचा पडला?"

"मला नाही माहीत, सर," संस्कृती प्रामाणिकपणे म्हणाली.

"तिचा," मी म्हणाले. बहुतेक म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

पंचांनी घड्याळ हातात घेतलं. "डिजिटल असतं तर आधी कुणाचा ते दिसलं असतं. ह्याच्यावरून काय कळणार? बरोबरी!"

संस्कृती विभागीयला गेली. मी घड्याळ पोटाशी धरून बाहेर आले. लिंबाखाली आप्पा इतर पालकांबरोबर बसले होते. त्यातले एक जण तणतणत होते, "आत कुणाची पोरगी वरडली हो येवढ्यानं? माझ्या पोरानं दचकून वजीर घालवला!"

"आमची न्हाई बा," आप्पा शांतपणे म्हणाले. "आमची लई गरीब. तिचा आवाज आमी घरच्यांनीबी धड ऐकला न्हाई. काय गं ऋतुजा, कोण वरडली?"

आता मात्र खरं सांगायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं. आवाज फुटेना. त्या एका शब्दात माझा घसा पार बसला होता.

"बगा," आप्पा त्या गृहस्थांना म्हणाले. "म्हणलं न्हवतं?"