काका अजून आतच

बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर तिला मिळालेलं हे पहिलं मोठं काम. देताना मॅनेजर म्हणाले होते, "नाही झेपलं तर मोकळेपणानं सांगा. हलकं काहीतरी बघू." ते 'हलकं' तिच्या डोक्यात बसलं होतं.

कंपनीच्या क्लाउडवरची लॉगिन-सेवा प्रत्येक क्लिकला डेटाबेसला विचारायची, हा माणूस आपलाच ना? त्यामुळे सगळंच रखडायचं. तिनं घरून कॅशिंग लावलं: एकदा ओळख पटली, की पाच मिनिटं पुन्हा विचारायचं नाही. मांडीवरच्या लेकीचे हात कीबोर्डवरून दूर करत तिनं चौकटीत तीनशे सेकंद भरले.

चौकटीला मिनिटं हवी होती; पाच मिनिटांचे पाच तास झाले.

दुपारी ऑफिसची सिस्टीम आणि लोकांच्या तक्रारी सांभाळणारे लाडके काका निवृत्त झाले. गुच्छ, भाषण, खातं बंद. थोड्याच वेळात मॅनेजरांचा फोन.

"अहो, काका घरी बसून लोकांच्या तक्रारी सोडवतायत! बंद खातं चालतं कसं?"

तिला चूक कळली. घाईघाईत तिनं एका सर्व्हरची अख्खी कॅश पुसली. तिथल्या सगळ्यांची ओळख एकदमच विसरली गेली, सगळ्यांची चौकशी एकदमच डेटाबेसवर जाऊन आदळली आणि त्यानं मान टाकली. मॅनेजर ग्राहकासमोर बोलता बोलता सिस्टीममधून बाहेर पडले. तीही.

"मला आत घ्या!"

"सर, मीच बाहेर आहे."

"मग आत कोण आहे?"

काका. दुसऱ्या सर्व्हरला ते अजून आठवत होते.

तिनं त्यांना फोन लावला. "काका, एक घोळ झालाय…"

"पोरी, रडतंय कोण? तू की ती?"

"दोघी."

"आधी तिला खांद्यावर घे. मग सांग, काय दाबू?"

लोकांना थोडे थोडे करून आत सोडायचं, तीनशेचे पाच करायचे. ती सांगत गेली, काका प्रत्येक शब्द परत उच्चारत टाइप करत गेले. हळूहळू सगळे आत आले.

"कोणी केलं?" मॅनेजरांनी विचारलं.

"मी सांगितलं, काकांनी केलं. आणि सर, चूक माझीच होती."

"बरं. ते हलक्या कामाचं… राहू द्या. पण काका गेले का?"

"आता सेटिंग बरोबर आहे, सर. पाच मिनिटांत जातील."

काकांनाही तिनं तेच सांगितलं.

"पाच? पुष्कळ झाली. कॅमेरा लाव, बघू तुझी लेक."

चार मिनिटं त्यांनी लेकीला हसवण्यात घालवली. उरलेल्या एकात एक तक्रार सोडवली.