लॅग धरून चालणारे मधुभाऊ

रविवारी संध्याकाळी पावणेसातला आमच्या दाराची बेल वाजते. मी स्वयंपाकघरातूनच ओरडते, "झालं वाटून, मधुभाऊ!" तरी ते हलत नाहीत. दार उघडेपर्यंत थांबतात, मान आत घालून ओट्यावरच्या मिक्सरची पिन खरंच काढलेली आहे का ते बघतात आणि हात जोडून म्हणतात, "सात ते आठ, वहिनी. मेहेरबानी." मग जिना चढून वरच्या मिश्रा भाभींना गीझरबद्दल हीच विनंती हिंदीत करतात.

जबलपूरला राइट टाउनमध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारे हे मधुकर हरकरे. सिंचन खात्यात जन्मभर कालव्यांचे नकाशे काढले आणि निवृत्त झाले. आता दर रविवारी सात ते आठ ते मोटारींच्या शर्यतीत उतरतात. कॉम्प्युटरवर, अर्थात. शेजारी मिक्सर फिरला की आपली गाडी शर्यतीतून नाहीशी होते, असं त्यांचं ठाम मत आहे. इंटरनेटवाल्या पोराने एकदा सांगून पाहिलं की मिक्सरचा काही संबंध नाही. तो गेल्यावर मधुभाऊ मला म्हणाले, "त्याला काय माहीत? त्याच्या घरी पाट्यावर वाटत असतील."

शर्यत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जो माणूस आला असेल तो पुसून टाका. मधुभाऊंची स्कूटर सायकलवाल्याला वाट देते. बड़ा फुहाऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत तर ते सरळ उतरतात आणि स्कूटर हाताने ढकलत नेतात. मागचे रिक्षावाले ओरडतात, "अरे दादा, चलाओ या बेच दो!" मधुभाऊ त्यांनाही हात जोडतात.

शर्यतीला मात्र इस्त्रीचा सदरा आणि पायात बूट. मी एकदा म्हटलं, तुम्हाला तिथे कोण बघतंय? तर म्हणाले, "काहून हो वहिनी, चारचौघांत बनियनवर जायचं का?"

हे खूळ आलं कुठून तेही सांगते. त्यांचा भाचा नोकरीसाठी हैदराबादला गेला, तेव्हा खेळायचा कॉम्प्युटर, स्टीअरिंग आणि पायाखालची पेडलं मामांच्या घरी टाकून गेला. विकून टाका म्हणाला. सुधाताई, म्हणजे मधुभाऊंच्या पत्नी, तेव्हा अर्धांगवायूच्या झटक्यातून उठून नुकत्याच खुर्चीत बसायला लागल्या होत्या. टीव्हीला त्या कंटाळल्या होत्या. एका रविवारी मधुभाऊंनी गंमत म्हणून ते स्टीअरिंग जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं, शेजारी सुधाताईंची खुर्ची ओढली आणि गाडी सुरू केली. सुधाताईंना रंगीत गाड्या आवडल्या. पुढे दोन वर्षांनी त्या गेल्या. स्टीअरिंग अजून तिथेच आहे. मधुभाऊ त्याच्या बाजूला ताट सरकवून जेवतात.

आता लॅग म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण त्याशिवाय मधुभाऊ कळायचे नाहीत. मलाही त्यांनीच आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन वाट्या आणि एक लिंबू घेऊन समजावलं होतं. या खेळात आपली गाडी आपल्याला दिसते तिथेच असते. पण दुसऱ्यांच्या गाड्यांची खबर तारेतून यायची असते, आणि ती येईपर्यंत त्या गाड्या पुढे गेलेल्या असतात. मधुभाऊंच्या तारेतून खबर फारच रमत गमत यायची.

"वहिनी, ही वाटी दिसून राहिली ना तुम्हाला? ती इथं नाहीच. ती लिंबापाशी पोचली. आपण पाहून राहिलो ते होऊन गेलेलं आहे. म्हणून लॅग धरून चालवायचं."

या "लॅग धरून"ने आमच्या आळीत उच्छाद मांडला. महाराष्ट्र मंडळात बारा वाजता जेवण असलं की मधुभाऊ सांगणार, "लॅग धरून दीडला निघा." मिश्रा भाभींच्या कुकरची शिट्टी झाली की, "डाळ शिजली नाही अजून, लॅग आहे." माणसांनासुद्धा त्यांनी मोजून टाकलं होतं. ज्याचा पिंग, म्हणजे खबर पोचायला लागणारा वेळ, जास्त, त्याचं उत्तर उशिरा येतं. माझ्या यजमानांबद्दल त्यांचं म्हणणं, "भाऊसाहेबांना पंखा लावू का विचारलं तर हो येईपर्यंत थंडी पडते." आणि माझ्याबद्दल, "तुमची तर हद्द आहे वहिनी. प्रश्न घरून निघालेलाच नसतो न तुमचं उत्तर येऊन बसलेलं असतं."

पतसंस्थेच्या काउंटरवर इतकी वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार? मी ते टोमणा म्हणूनही घेतलं नाही आणि कौतुक म्हणूनही नाही.

त्यांच्या तारेची तक्रार आम्ही सगळ्यांनी केली होती. ती गच्चीवरून लोंबकळत जायची आणि तिच्यावर माकडं झोके घ्यायची. इंटरनेटवाला पोरगा यायचा, एक टोक काढून फुंकायचा, परत लावायचा आणि म्हणायचा, "अंकल, प्रॉब्लम पीछे से है." दर वेळी तेच. शेवटी एका सकाळी मधुभाऊंनी स्कूटर काढली आणि खांबाखांबावरून त्या तारेचा माग काढत निघाले. दुपारी पार सदर बाजारापर्यंत जाऊन उन्हाने लाल होऊन परत आले. माझ्या हातचं ताक पिऊन झाल्यावर गंभीरपणे म्हणाले, "वहिनी, मी शेवटपर्यंत गेलो. पीछे कुठंच नाही."

या शर्यतीची एक लीग आहे. रायपूरचे दातांचे डॉक्टर सलूजा तिचे पंच, सतन्याचे तिवारी सर, आणि असेच इकडचे तिकडचे दहा-बारा लोक. शर्यतीआधी डॉक्टर एकेकाचं नाव पुकारतात आणि ज्याने त्याने "हाजिर" म्हणायचं. मधुभाऊंची हाजिरी पोचेपर्यंत सगळे थांबायचे. इथवर ठीक होतं. पण त्यांची खबरही इतरांकडे उशिराच जायची ना! त्यामुळे बाकीच्यांना त्यांची गाडी कधी दिसायची, कधी गडप व्हायची, आणि मग भलतीकडेच उगवायची. लीगमध्ये त्यांना लाडाने "भूतनाथ" म्हणत. एकदा मी भिंतीपलीकडून माझ्या कानांनी ऐकलंय. तिवारी सर किंचाळत होते, "हरकरे जी, आप अभी मेरे पीछे थे, फिर मेरे अंदर थे, अब आगे कैसे हैं?" मधुभाऊ लग्नाच्या पंगतीतून वाट काढावी तसे म्हणत होते, "माफ करना जी, निकल रहा हूँ." तीही माफी तिकडे पोचायची तेव्हा तिवारी सर मैदानात उलटे पडलेले असायचे.

अखेर व्हायचं ते झालं. एका सोमवारी सकाळी मधुभाऊ बेल न वाजवता दारात उभे दिसले.

"नवा नियम केला त्यांनी. ज्याचा पिंग इतक्यावर, तो लीगच्या बाहेर. पुढच्या रविवारपासून."

"मग दुसरी लाइन घ्या."

"जुनी तशी बरी आहे."

"काय बरी आहे? माकडं बसतात तिच्यावर!"

"बसू द्या," मधुभाऊ म्हणाले, आणि खाली बघत राहिले. "पण काढून टाकतील हो वहिनी. रविवारी मग काय करायचं?"

मला असल्या गोष्टींत घोळ घालत बसायचा कंटाळा आहे. रविवारी त्यांचं काय होतं ते मला भिंतीपलीकडून माहीत होतं. आठवडाभर त्या घरातून नळाचा आवाज तेवढा यायचा आणि रविवारी माणसांचा यायचा. मी ऑफिसातूनच दुसऱ्या कंपनीला फोन लावला, गुरुवारी माणूस बोलावला, मधुभाऊंना खुर्चीत बसवून त्याच्याकडून भिंतीतून नवी तार ओढून घेतली. जुनी काढू का, असं त्याने विचारलं. मी "काढा" म्हणाले आणि त्याच वेळी मधुभाऊ "राहू द्या" म्हणाले. त्यांचं घर, त्यांची तार. राहिली.

रविवारी पावणेसातला बेल वाजली. मी म्हटलं, "आता कशाला? नवी लाइन आहे ना?"

"मिक्सर तर जुनाच आहे ना," ते म्हणाले.

त्या दिवशी मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे शर्यत बघायला गेले. आपण लावून दिलेली गोष्ट चालते की नाही हे बघायची मला सवय आहे. इस्त्रीचा सदरा, बूट, स्टीअरिंगला नमस्कार. डॉक्टरांनी नावं पुकारली. "हरकरे जी?" मधुभाऊंनी "हाजिर" म्हटलं आणि ते त्याच क्षणी तिकडे पोचलं. स्पीकरमधून कुणीतरी म्हणालं, "अरे वाह, भूतनाथ जी ज़िंदा हो गए!" सगळे हसले. सुरुवात तर झकास झाली.

पुढचं सांगायला मला अजून कसंतरी होतं. मधुभाऊ इतकी वर्षं लॅग धरून चालवत आलेले. समोरची गाडी दिसते तिथे ती नाहीच, हे त्यांच्या हातापायांत मुरलेलं. आणि आता ती तिथेच होती! पहिल्याच वळणावर त्यांनी एका निळ्या गाडीच्या पुढच्या रिकाम्या जागेला अदबीने वाट दिली आणि निळ्या गाडीवर आदळले. मग जिच्यापर्यंत अजून कुणी आलंच नव्हतं अशा जागेसाठी त्यांनी करकचून ब्रेक दाबला, आणि मागून तिवारी सर येऊन त्यांच्यावर बसले. "माफ करना जी!" आता माफी वेळेवर पोचत होती, आणि टक्करही. तिसऱ्या फेरीत मधुभाऊंनी घाबरून भोंगा वाजवला. चौथ्या टकरीला तिवारी सरांचा संयम संपला.

"डॉक्टर साहब, इनका लैग ही अच्छा था! पहले भूत थे तो आर-पार निकल जाते थे, अब तो ठोक रहे हैं!"

शर्यत संपली. मधुभाऊ स्टीअरिंगवरचे हात न काढता बसले होते. कानशिलावर घाम. डॉक्टरांनी घसा साफ केला.

"हरकरे जी, अब क्या हुआ? पिंग तो आज आपका सबसे बढ़िया है."

"आदत, डॉक्टर साहब," मधुभाऊ म्हणाले. "सुधर जाऊँगा. थोड़ा टाइम दीजिए. निकालिए मत."

माझ्या हातांना नुसतं बसवेना. मी टेबलावरचा मीठदाणीचा डाग पुसायला लागले.

"नियम पिंग का है," डॉक्टर म्हणाले. "उस पर तो निकाल नहीं सकते. ऐसा करते हैं. सब निकल जाएँगे, उसके बाद हरकरे जी सबसे पीछे से चलेंगे. न आस-पास कोई, न ठोकने का झंझट. तिवारी सर, ठीक?"

तिवारी सर काहीतरी पुटपुटले, मग म्हणाले, "ठीक है. पर हाजिरी में इनका नाम सबसे पहले बोलिए. आदत है हमको."

मधुभाऊंनी स्पीकर बंद केला, बूट काढले आणि माझ्याकडे वळले. चेहरा सरकारी नोकरी कायम झाल्यासारखा.

"वहिनी," ते म्हणाले, "पीछे सापडलं!"

मी घरी आले. मिक्सरची बंदी उठली होती, डाळ भिजलेली होती. वाटली, वडे तळले, चार वडे ताटलीत घालून पुन्हा त्यांच्याकडे गेले. पुढचं दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकणार, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला.

"चहा ठेवू का गं?"

पाहुणे आले असतील म्हणून मी थांबले. आतून उत्तर आलं नाही. मधुभाऊही पुढे काही बोलले नाहीत, भांडंही वाजलं नाही. माझ्या हिशेबाने ही शांतता फार लांबली. मी असते तर एवढ्यात तीन उत्तरं दिली असती.

मग मधुभाऊ म्हणाले, "बरं. अर्धाच ठेवतो."

मी खोकले आणि आत गेले. स्वयंपाकघरात ते एकटेच होते. जेवणाच्या टेबलाशी, स्टीअरिंगच्या शेजारी सुधाताईंची खुर्ची होती, थोडी तिरकी, बसणाऱ्याला पडदा नीट दिसावा अशी.

त्यांनी मला पाहिलं, माझ्या हातातली ताटली पाहिली. ओशाळले.

"झटक्यानंतर तिचं बोलणं उशिरा यायचं," ते म्हणाले. "विचारलं की थांबायचं. लोकांना वाटे, हिला ऐकू येत नाही, मग ते पुन्हा विचारत. मग ती चिडून गप्प बसे. थांबलं की यायचं हो उत्तर. बरोबर यायचं." त्यांनी गॅस बारीक केला. "जुन्या लाइनवर मी काही बोललो की तिकडून जरा वेळानं आवाज यायचा. तेवढा वेळ आपलं बरं वाटायचं."

मी ताटली ठेवली.

"चहा घेता का, वहिनी?" त्यांनी विचारलं.

उत्तर माझ्या जिभेवर आलेलंच होतं. ते मी तिथेच धरून ठेवलं. ताटलीच्या काठावरचा तेलाचा थेंब बोटाने पुसला. पदराला हात पुसले. खिडकीबाहेर रस्त्याच्या दिव्यात ती जुनी तार लोंबत होती, तिच्याकडे बघितलं. मधुभाऊ चिमटा हातात घेऊन उभे होते. त्यांना कसलीही घाई नव्हती. चेहरा इतका निवांत मी रविवारीसुद्धा पाहिला नव्हता.

"अर्धा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि झाकण काढलं. पाणी त्यांनी आधीच दोघांचं टाकलेलं होतं.